‘सिड मायर्स पायरेट्स’ पहिल्यांदा खेळताय? आधी वारा, मग तोफा

सिड मायर यांचा ‘पायरेट्स’ हा संगणकावरचा खेळ १९८७ साली कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर आला. काढला होता मायक्रोप्रोज कंपनीने. आज आपण खेळतो ती २००४ साली फिरॅक्सिस कंपनीने नव्याने घडवलेली आवृत्ती. स्टीम या ऑनलाइन दुकानात मिळते, जुन्या लॅपटॉपलाही झेपते. सतराव्या शतकातल्या कॅरिबियन समुद्रात एक जहाज, मूठभर खलाशी आणि पूर्ण मोकळीक देऊन ती तुम्हाला सोडून देते. ही मोकळीकच नवख्याला गोंधळात टाकते. इथे जा, हे कर, असं कुणी सांगत नाही. मग माणूस सरळ हिशोब करतो की चाचेगिरीचा खेळ आहे, म्हणजे मोठं जहाज आणि भरपूर तोफा मिळवायच्या. तासाभरात तो एखाद्या अवजड गॅलियनवर उभा राहून वाऱ्याविरुद्ध रखडत असतो, धान्य संपत आलेलं असतं आणि खलाशी कुरकुरत असतात.

या खेळात तोफा तिसऱ्या नंबरला येतात. पहिला वारा, दुसरे खलाशी. हा क्रम डोक्यात पक्का असेल तर पहिलीच सफर फायद्याची होते. ती कशी करायची ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवातीच्या निवडी

नाव दिल्यावर खेळ चार गोष्टी विचारतो: काळ, देश, अवघडपणाची पातळी आणि तुमचं खास कौशल्य.

काळासाठी १६००, १६२०, १६४०, १६६० आणि १६८० असे पर्याय आहेत. नवख्याने डोळे मिटून १६६० घ्यावा. १६०० मध्ये जवळपास सगळा समुद्र स्पेनचा असतो आणि बाकीच्यांची बंदरं इतकी तुरळक की माल विकायला आणि जहाज दुरुस्त करायला जागा शोधत फिरावं लागतं. १६६० पर्यंत इंग्रज जमैकात बसलेले आहेत (ते बेट त्यांनी १६५५ मध्ये स्पेनकडून घेतलं), फ्रेंच टॉर्टुगात आहेत, डच कुरसावमध्ये. चारही देशांची बंदरं एकमेकांच्या शेजारी आली की लुटायला गिऱ्हाईक असतं आणि पळून जायला आसराही.

देश इंग्लंड किंवा फ्रान्स घ्या. श्रीमंत जहाजं आणि श्रीमंत शहरं स्पेनची आहेत, त्यामुळे स्पेनशी वैर असणाऱ्या बाजूला राहणं सोपं जातं. स्पॅनिश कप्तान होऊन खेळण्यातही मजा आहे, पण तो अनुभव नंतरसाठी ठेवा.

पातळी सगळ्यात सोपी, म्हणजे ‘अप्रेंटिस’. यात कमीपणा मानू नका. प्रत्येक सफर संपताना पातळी वाढवायची मुभा मिळते, आणि पातळी जितकी वरची तितका लुटीतला कप्तानाचा वाटा मोठा. पहिली सफर शिकण्यासाठी आहे, कमाई पुढे आहेच.

कौशल्यं पाच: तलवारबाजी, नौकानयन, तोफखाना, वैद्यक आणि हजरजबाबी मोहकपणा. मी तलवारबाजी सुचवेन. जवळपास प्रत्येक मोठी गोष्ट शेवटी द्वंद्वावर येऊन ठेपते, आणि द्वंद्व हरलात तर बाकीचं कसब पाण्यात. वैद्यकाचा फायदा म्हातारपणी दिसतो. हो, इथे तुमचा कप्तान म्हातारा होतो. वय वाढेल तशी तब्येत ढासळते, हात मंदावतात. त्यामुळे वेळ हीच इथली खरी पुंजी आहे, आणि वाऱ्याला पहिला नंबर देण्याचं कारणही तेच.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. खेळ कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर बेतलेला आहे. लॅपटॉपला तो नसेल तर यूएसबीला लागणारं स्वस्तातलं नंपॅड घ्या. द्वंद्वात बोटं चाचपडत राहिली तर मजा येत नाही.

वारा कसा वाचायचा

कॅरिबियनमध्ये व्यापारी वारे वाहतात, साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे. खेळात हे अगदी प्रामाणिकपणे उतरवलं आहे. बार्बाडोसहून जमैकाला निघालात तर वारा पाठीवर घेऊन जहाज नुसतं पळतं. तोच रस्ता उलटा कापायचा म्हटलं की नाकी नऊ येतात: आठवडेच्या आठवडे जातात, धान्य घटतं, आणि नकाशावर तुम्ही जिथल्या तिथे दिसता.

नकाशावर ढग कुठे सरकताहेत ते बघा. ढग जिकडे चाललेत तिकडेच वारा चालला आहे. मग जहाजाचं तोंड थोडं थोडं वळवत वेगावर लक्ष ठेवा. वाऱ्याच्या थेट तोंडावर गेलात की शिडं ढिली पडतात आणि जहाज जवळजवळ थांबतं. तिथून जरा बाजूला वळलं की पुन्हा गती येते. पूर्वेकडे जायचं असेल तर सरळ रेषेचा हट्ट सोडून नागमोडी जा, आधी ईशान्येला, मग आग्नेयेला, पुन्हा ईशान्येला. कोकणच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्या चालवणाऱ्या कुठल्याही तांडेलाला हे सांगावं लागणार नाही, पण पडद्यासमोर बसलेल्या आपल्याला हात बसायला थोडा वेळ लागतो.

सगळी जहाजं वाऱ्याशी सारखी वागत नाहीत. स्लूप, पिनेस यांसारखी लहान जहाजं वाऱ्याच्या बऱ्याच जवळून जाऊ शकतात. चौकोनी शिडांची मोठी जहाजं वारा मागून असला की जोरात चालतात, समोरून आला की लंगडी पडतात. शिवाय उथळ खडकाळ पाण्यावरून छोटी जहाजं सुखरूप पार होतात, तिथे मोठ्यांचा तळ फाटतो. पाठलाग करणारी फ्रिगेट (मोठी युद्धनौका) मागे लागली आणि वाटेत असा खडकांचा पट्टा दिसला तर सरळ त्यावरून जा.

म्हणून पहिल्या सफरीची आखणी अशी करा की कामाचा सगळा टापू लहान राहील. जमैका, क्यूबाचा दक्षिण किनारा, हिस्पॅनिओला आणि टॉर्टुगा एवढा भाग पुरेसा आहे. या चौकटीत इंग्रज, फ्रेंच आणि स्पॅनिश तिन्ही बंदरं येतात, जहाजांची वर्दळ असते, आणि पूर्वेला परतायचं अंतरही आवाक्यातलं. पनामा, व्हेराक्रूझ ही नावं नकाशावर खुणावतील. जाऊ नका. पश्चिमेला वाहवत जाणं अगदी सोपं आहे, आणि परतीच्या वाटेत अख्खा हंगाम निघून जातो.

जहाज लहानच ठेवा

सुरुवातीला मिळणारं जहाज बेताचं असेल. त्याच्या बदल्यात काय घ्यायचं हा प्रश्न पहिली दोन-चार जहाजं पकडल्यावर येतोच. स्लूपच्या जातीतलं काही हाती लागलं तर तेच ध्वजनौका, म्हणजे कप्तानाचं मुख्य जहाज, म्हणून ठेवा. युद्धाची स्लूप मिळाली तर सोन्याहून पिवळं. ब्रिगच्या जातीतलं, म्हणजे मध्यम आकाराचं, जहाज दुसऱ्या पसंतीचं. गॅलियन आणि मोठी व्यापारी जहाजं पकडा जरूर, पण विकायला.

ताफा वाढवण्याचा मोह आवरा. ताफ्याचा वेग सगळ्यात सुस्त जहाजाइतकाच असतो. तुमची स्लूप कितीही चपळ असली तरी मागे एक फुगलेलं व्यापारी जहाज ओढत असाल तर स्लूपही त्याच गतीने चालणार. पकडलेलं जहाज जवळच्या मित्रबंदरात न्या, माल विका, मग जहाज विका. नादुरुस्त जहाजाला भाव कमी मिळतो, म्हणून लढताना गरजेपेक्षा जास्त मोडतोड केली तर नुकसान आपलंच.

पैसे आले की आधी ध्वजनौकेच्या सुधारणांवर घाला. एकूण आठ आहेत, आणि प्रत्येक बंदरातल्या गोदीत सगळ्या मिळत नाहीत, त्यामुळे कुठे काय मिळतं ते कागदावर टिपून ठेवा. माझा क्रम असा: सुती शिडं आणि तळाला तांब्याचा पत्रा, कारण एकाने वेग वाढतो आणि दुसऱ्याने वळणं चपळ होतात. मग साखळीचे गोळे आणि छर्रे. तिहेरी झोपाळे घेतले की जास्त माणसं मावतात, तेही चांगलं. कांस्याच्या तोफा, तोफांसाठी बारीक दारू आणि लोखंडी मजबुती यांना घाई नाही.

समुद्रातली झुंज

एक झुंज जवळून पाहू. क्यूबाच्या दक्षिणेला एक स्पॅनिश व्यापारी जहाज दिसलंय, सँतियागोकडे निघालेलं. स्पेनशी युद्ध चालू आहे, म्हणजे लुटायला हरकत नाही. तुमच्याकडे स्लूप आहे, पन्नास-साठ खलाशी, मोजक्या तोफा.

भिडण्याआधीच वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा, म्हणजे जिकडून वारा येतोय त्या बाजूला. तिथे असलात की केव्हा जवळ जायचं आणि केव्हा दूर राहायचं हे तुम्ही ठरवता. खालच्या बाजूला सापडलात तर तो ठरवतो.

झुंज सुरू झाली की तोफा जहाजाच्या बाजूंवरून उडतात, पुढून नाही. त्यामुळे गोळे टाकताना आपली कूस त्याच्याकडे हवी. त्याने तोफा डागल्या की लगेच नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, त्याच्याकडे वळवा. या खेळात गोळे खरोखर हवेतून उडत येतात, आणि समोरून दिसणारं जहाज अरुंद असल्याने बरेचसे पाण्यात पडतात. मग पुन्हा कूस दाखवा, एक फैर टाका, पुन्हा वळा. दोन-तीनदा केलं की त्यातली लय सापडते. मारा खात असाल तेव्हा शिडं अर्धी गुंडाळा. पूर्ण पसरलेली शिडं लवकर फाटतात. पळायचं किंवा गाठायचं असेल तेव्हाच सगळी सोडा.

आता गोळ्यांची निवड. साधा गोळा लांब जातो आणि लाकूड फोडतो, पण जास्त लाकूड फोडलं तर जहाजच बुडतं आणि मालासकट तोंडाशी आलेला घास जातो. व्यापारी जहाजावर साधे गोळे दोन फैरींपेक्षा जास्त नकोत. साखळीचे गोळे शिडं आणि डोलकाठ्या तोडतात. पळणाऱ्याला थांबवायला हेच. छर्रे जवळून मारायचे, ते माणसं टिपतात. आपल्या या जहाजावर खलाशी तसे कमीच, त्यामुळे एक फैर साखळीची, एक छर्ऱ्यांची आणि मग सरळ जाऊन भिडायचं. पलीकडे युद्धनौका असेल आणि तिच्यावर तुमच्या दुप्पट माणसं असतील, तर आधी छर्ऱ्यांनी तो आकडा खाली आणा. घाई केलीत तर हातघाईत तुमचीच माणसं संपतील.

गोळे भरण्याचा वेग माणसांवर ठरतो. तोफा भरमसाट आणि खलाशी तुटपुंजे असले की दोन फैरींमध्ये खूप वेळ जातो. शिवाय तोफा तळघरातली जागा अडवतात, जिथे माल ठेवता आला असता. जास्तीच्या तोफा विकून टाका.

तलवार

जहाजं भिडली की दोन कप्तान समोरासमोर येतात आणि मागे दोन्हीकडचे खलाशी लढत असतात. आधी हत्यार निवडायचं असतं. रेपियरचा (सडपातळ तलवार) वार झटपट, पण बचाव मंद. कटलासचा (आखूड, वाकडी तलवार) बचाव चांगला. लांब तलवार मधली. नवख्याने कटलास घ्यावी, कारण सुरुवातीला जिंकण्यापेक्षा वार चुकवायला शिकायचं आहे.

समोरच्याच्या हाताकडे बघा. तलवार वर उचलून आडवा वार येतोय असं दिसलं की खाली वाका. खालून पायांवर येत असेल तर उडी मारा. सरळ भोसकायला आला तर अडवा. वार चुकवला की तो क्षणभर उघडा पडतो, आणि तुमची वेळ तीच. एक झटपट खुपसा आणि पुन्हा बचावाला उभे राहा. चिडून लागोपाठ वार करत सुटलात तर तो अडवेल आणि तुमचाच तोल जाईल. धीर धरणारा जिंकतो.

मागच्या लढाईचे आकडेही नजरेखाली ठेवा. तुमचं पारडं जड असेल तर त्याची माणसं भराभर पडतात, त्याचं असेल तर तुमची. तुमच्याकडे माणसं बरीच जास्त असतील तर नुसता बचाव करत वेळ काढला तरी चालतं: त्याची माणसं संपली की पुढचा एकच यशस्वी वार निकाल लावतो.

बंदरात उतरल्यावर

पहिला मान गव्हर्नरचा. कोणाशी युद्ध आहे, कोणाशी तह झालाय, तुमच्याबद्दल मत काय आहे हे तिथे कळतं. शत्रूची जहाजं लुटण्याचा परवाना मिळतो, आणि त्या देशाच्या शत्रूंची जहाजं पुरेशी मारली असतील तर बढतीही. हुद्दा वाढेल तसं त्या देशाच्या बंदरांत वागवणं सुधारतं. गव्हर्नर कधी पत्र पोचवायला सांगतो, कधी एखाद्या गुन्हेगाराचा माग काढायला. तुमच्या टापूतलं काम असेल तर घ्या, समुद्राच्या पार टोकाला जायचं असेल तर सोडा.

गव्हर्नरच्या मुलीबरोबर नाचण्याचं आमंत्रणही येईल. तिच्या हाताच्या खुणेवरून पुढचं पाऊल कळतं, ते तालावर टाकायचं. पहिल्या सफरीत नीट जमलं नाही तरी बिघडत नाही.

गुत्त्यात खलाशी भरती होतात, मालकाकडे बातम्या असतात, आणि कोपऱ्यात बसलेला अनोळखी प्रवासी नकाशाचे तुकडे आणि उपयोगी वस्तू विकतो. व्यापाऱ्याकडे माल विकताना त्याच्याजवळ सोनं किती आहे ते बघा. लहान गावातल्या व्यापाऱ्याची थैली लवकर रिकामी होते, मग साखर आणि धान्य तिथे काढा आणि महागडे मसाले, उंची माल मोठ्या बंदरासाठी राखा. निघताना धान्य भरा, पण डोळे झाकून नाही. धान्यही जागा खातं.

पकडलेल्या जहाजांवर अधूनमधून जाणती माणसं सापडतात: सुतार, शिडं शिवणारा, वैद्य, स्वयंपाकी, गोलंदाज (तोफा चालवणारा), दिशादर्शक. मिळाली की सोडू नका. सुतार भर समुद्रात लाकूड दुरुस्त करतो, शिडं शिवणारा फाटलेली शिडं सावरतो, गोलंदाजामुळे तोफा लवकर भरतात, स्वयंपाक्यामुळे लोक खूश राहतात. या चौघांची साथ असेल तर सफर कितीतरी लांबते.

कोणाशी वैर, कोणाशी मैत्री

प्रत्येक हल्ल्याची नोंद राहते. स्पॅनिश जहाज मारलंत की स्पेन चिडतो आणि स्पेनचे शत्रू खूश होतात. पण इंग्लंड आणि स्पेन यांच्यात तह असताना तेच केलंत तर इंग्रज गव्हर्नरचीही नाराजी. म्हणून प्रत्येक बंदरात आधी राजकारणाची बातमी घ्या, मग समुद्रावर शिकार शोधा.

एका वेळी एकाच राष्ट्राशी वैर, हा पहिल्या सफरीचा नियम. फ्रेंच जहाज कितीही गुबगुबीत दिसलं तरी त्याला जाऊ द्या. चारही बाजूंनी शत्रू करून ठेवलेत तर माल विकायला बंदर उरणार नाही. शत्रूच्या किल्ल्यावरून तोफा सुटतात आणि मग रात्री लपतछपत शहरात शिरावं लागतं. चाच्यांच्या जहाजांवर मात्र निर्धास्त तुटून पडा. त्यांच्यासाठी कुठलाच राजा अश्रू गाळत नाही.

खलाशांचं मन

इथे बहुतेकांची पहिली सफर फसते. खलाशी नोकर नाहीत, भागीदार आहेत. तुमच्या तिजोरीत सोनं साठतंय हे त्यांना दिसतं, आणि त्यातला आपला वाटा केव्हा मिळणार हेच त्यांच्या डोक्यात असतं. माणशी सोनं भरपूर असेल तर ते गातात, कमी असेल तर धुसफुसतात. आणि सोनं कितीही असलं तरी महिने उलटत गेले की समाधान उतरतंच. फार ताणलंत तर ताफ्यातलं एखादं जहाज बाजूला होऊन निघून जातं, खलाशी आणि मालासकट.

दोनशे माणसांची फौज गोळा करणं हा पहिल्या सफरीत मूर्खपणा आहे. दोनशे तोंडं खातात, आणि सोनं दोनशे जणांत विभागलं जातं. स्लूपला साठ-सत्तर माणसं घेऊन फिरा. लढाईत काही कमी होतील, गुत्त्यातून भरा, पुन्हा निघा.

सफर संपवायची म्हणजे मित्रबंदरात जाऊन लूट वाटायची. कप्तानाला त्याचा ठरलेला वाटा मिळतो, उरलेलं खलाशी घेतात आणि पांगतात. ताफ्यातलं एकच जहाज तुमच्याकडे राहतं, काही महिने निघून जातात. हे महिने वाया गेले असं वाटून बरेच जण वाटणी टाळत राहतात, आणि तिथेच चुकतात. कुरकुरणाऱ्या खलाशांबरोबर काढलेलं वर्ष हे जास्त महाग पडतं. चेहरे समाधानी असतानाच, सोन्याची रास बरी असताना बंदर गाठा. साधारण दोन वर्षांच्या आत पहिली सफर आटोपावी असं माझं मत आहे. वाटणीआधी सगळी जास्तीची जहाजं आणि माल विकून टाका, कारण वाटणी सोन्याची होते, गोदामात पडलेल्या साखरेची नाही.

वाटणी करण्याआधी आणि शत्रूच्या बंदराजवळ जाण्याआधी खेळ सेव्ह करा, आणि दरवेळी नव्या नावाने.

सध्या ज्याच्या वाटेला जाऊ नये

शहरांवर हल्ले नकोत. जमिनीवरची लढाई पाळीपाळीने चालणारी आहे, झाडीचा आडोसा आणि उंचवटा वापरावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी माणसं एका स्लूपमध्ये मावत नाहीत. खजिन्याचा ताफाही दुसऱ्या-तिसऱ्या सफरीची गोष्ट. इतिहासात डच दर्यावर्दी पीट हाइनने १६२८ मध्ये क्यूबाच्या मातान्झास उपसागरात स्पेनचा तो ताफा धरला, तेव्हा त्याच्यामागे एक अख्खं आरमार होतं.

तुमच्या कुटुंबाला देशोधडीला लावणारा मार्क्विस मॉन्टाल्बान, हरवलेले नातेवाईक, चार लुप्त नगरं, ही सगळी कथा संयमाने उलगडते. नकाशाचे तुकडे आपसूक हाती येत जातील. एखाद्या तुकड्यावरची टेकडी किंवा पडकं मंदिर किनाऱ्यावरून दिसलं तर उतरा, नाहीतर पुढे चला.

नावाजलेल्या नऊ चाच्यांची यादी मात्र आत्तापासून वाचून ठेवा, कारण पुढचा बराच मोठा आनंद त्यात आहे. खेळाने इथे इतिहास मोकळ्या हाताने वापरला आहे: १६७१ मध्ये पनामा लुटणारा हेन्री मॉर्गन, १७१८ मध्ये मारला गेलेला ब्लॅकबिअर्ड आणि एकोणिसाव्या शतकातला जाँ लाफित हे सगळे एकाच समुद्रात भेटतात. यातला कॅप्टन किड आपल्या ओळखीचा असायला हवा. तो १६९७ मध्ये कारवारच्या बंदरात आला होता, आणि ज्या जहाजापायी त्याचं नाव झालं ते ‘क्वेडा मर्चंट’ त्याने १६९८ मध्ये मलबारच्या किनाऱ्याजवळ पकडलं. १७०१ साली लंडनमध्ये त्याला फाशी झाली. खेळात तो कॅरिबियन सोडत नाही, पण त्याच्या जहाजासमोर पहिल्यांदा उभे राहाल तेव्हा हा माणूस आपल्या दर्यावर येऊन गेला होता हे आठवलं की अंगावर काटा येतो.

दुसरी सफर

लूट वाटल्यावर पातळी एका पायरीने वाढवा, एकाच. स्लूपवर सुती शिडं आणि तांबं बसलेलं असेल तर फरक लगेच जाणवेल. आता टापू थोडा वाढवायला हरकत नाही, पण पूर्वेकडे वाढवा: प्वेर्तो रिको, मग सेंट किट्स आणि आसपासची बेटं. सुरुवातीचं धान्य आणि ताजेतवाने खलाशी वाऱ्याविरुद्धच्या त्या कष्टाच्या वाटेवर खर्च करा, म्हणजे सफर संपत आल्यावर, जहाज मालाने भरलेलं आणि माणसं थकलेली असताना, जमैकापर्यंत वारा पाठीशी राहील. वाटेत कुठल्याही गुत्त्यात नावाजलेल्या चाच्याची खबर मिळाली तर आधी आपले खलाशी मोजा, छर्रे आहेत का बघा, आणि दोन्ही पुरेसे असतील तरच माग काढायला निघा. मॉर्गन यादीच्या शिखरावर आहे, त्याला शेवटी ठेवा.